नायिकेची निवड

वार्षिक स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की शाळेत एक प्रश्न हमखास उभा राहतो. शाळा वर्ध्याची असो, हिंगणघाटची असो, की आर्वीजवळच्या एखाद्या खेड्यातील असो. नाटक ठरलेले असते, संवादांच्या वह्या उतरवून झालेल्या असतात. परंतु मुख्य भूमिका कोणास द्यावी, हे काही केल्या ठरत नाही. कोणी म्हणतो, "जी दिसायला देखणी, तीच नायिका." कोणी म्हणतो, "जिचा गळा गोड, तिलाच द्या." आणि तेच नाटक पूर्वी एकदा शाळेत झालेले असेल, तर कोणीतरी हटकून म्हणतो, "मागे जिने काम केले होते, अगदी तिच्यासारखी मुलगी शोधा."

या तिसऱ्या सल्ल्यात मोठा मोह आहे आणि मोठा धोकाही आहे. जुने नाटक पुन्हा रंगभूमीवर आणताना हा प्रश्न महाराष्ट्रातील नामवंत नाटक मंडळ्यांपुढेही अनेकदा उभा राहिला. त्याचे उत्तर योग्य मिळाले, तेव्हा जुनी नाटके नव्याने टवटवीत झाली. ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दिनांक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग केला. कालिदासाच्या संस्कृत नाटकाचा तो मराठी अवतार होता. त्यापूर्वीच्या नाटकांतून पात्रे बोलत आणि सूत्रधार गात असे. अण्णासाहेबांच्या नाटकात जे पात्र बोलत असे, तेच गातही असे. रसिकांना ही नवी रीत अतिशय आवडली. पुढे १८८२ साली अण्णासाहेबांनीच लिहिलेले 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे वेड महाराष्ट्रभर पसरले.

या नव्या रीतीमुळे नायिकेची निवड मात्र फार अवघड झाली. त्या काळी आजच्यासारखे ध्वनिवर्धक नव्हते. पडद्यामागून दुसऱ्याने गावे आणि रंगमंचावर उभे असलेल्याने नुसते ओठ हलवावेत, अशीही सोय नव्हती. प्रयोग रात्री उशिरापर्यंत रंगत असे. नायिकेचे काम करणाऱ्याने तितका वेळ स्वतः बोलावयाचे, स्वतः गावयाचे, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही प्रत्येक शब्द कळला पाहिजे. गाता गाता अभिनय ढळता कामा नये आणि अभिनय करता करता सूर ढळता कामा नये.

त्यातही एक मोठी अडचण होती. नायिकेचे काम करणारी व्यक्ती स्त्री नसे. पुरुष किंवा मुलगा असे. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे हे त्या काळच्या समाजास लज्जास्पद वाटे. ही रीत काही केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडातही नायिकेची कामे मुलगेच करीत. तेथील व्यावसायिक रंगमंचावर स्त्रिया आल्या त्या १६६० नंतर. जपानातील काबुकी नाटकांत १६२९ साली स्त्रियांना बंदी झाली आणि पुढे तेथेही स्त्रियांची कामे पुरुष करू लागले.

किर्लोस्कर मंडळीला एक उत्तम नायिका लाभली, ती बडोद्याच्या एका तरुणाच्या रूपाने. त्याचे नाव भाऊराव कोल्हटकर. १८८२ साली तो मंडळीत आला, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. 'सौभद्र' नाटकातील सुभद्रेचे काम त्याच्याकडे आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले आहे. परंतु बलराम तिचा विवाह दुर्योधनाशी ठरवितो. तेव्हा तिची व्याकुळता, तिचा राग आणि तिची आशा ही सारी गाण्यातून उमटावी लागतात. भाऊरावांचा आवाज चढा, धारदार आणि पल्लेदार होता. त्या आवाजाने त्यांनी महाराष्ट्र जिंकला. पुढे 'मृच्छकटिक' नाटकातील वसंतसेनाही त्यांनी गाजविली. भाऊरावांशिवाय ही नाटके होऊ शकतील, असे रसिकांना वाटेनासे झाले.

अशा या भाऊरावांचे १३ फेब्रुवारी १९०१ रोजी अकाली निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अडतीस वर्षांचेही नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्कर तर त्यापूर्वीच, १८८५ साली, निवर्तले होते. मंडळीजवळ नाटके होती, पदे होती, पडदे होते, वादक होते. परंतु नायिका नव्हती. ज्या घरातील दिवा विझला आहे, त्या घरासारखी त्या मोठ्या मंडळीची अवस्था झाली.

अशा वेळी सामान्य माणूस काय करील? तो दुसरा भाऊराव शोधू लागेल. तसाच चढा आवाज, तशीच तान, तशीच उभे राहण्याची ढब कोठे मिळते का, हे पाहील. परंतु अशा शोधातून बहुधा नक्कल करणारा नट हाती लागतो. आणि नक्कल पाहताना प्रेक्षकांना मूळ नटाचीच आठवण अधिक तीव्रतेने होते.

किर्लोस्कर मंडळीच्या सुदैवाने जो मुलगा पुढे आला, तो भाऊरावांहून अगदी निराळा होता. नारायण श्रीपाद राजहंस हे त्याचे नाव. त्याचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हणून त्याचे कौतुक केले होते, असे सांगतात. पुढे कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनीही त्याच्या गळ्याची पारख केली. या मुलाला कानाचे दुखणे होते. गाणाऱ्याला कान म्हणजे चित्रकाराला डोळा! महाराजांनी मिरजेच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार करविले. तेथूनच किर्लोस्कर मंडळीचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला. १९०५ साली मिरजेस 'शाकुंतल' नाटकात नारायणरावांनी शकुंतलेची भूमिका केली. तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते.

या वयाचाही विचार करण्याजोगा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. लहान मुलाचा गोड गळा पाहून त्याला नायिका करावे आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा आवाज घोगरा व्हावा, असे नाटक मंडळ्यांत पुष्कळदा घडत असे. नारायणरावांनी ते वय ओलांडलेले होते आणि तरीही त्यांच्या आवाजातील माधुर्य कायम होते. त्यांचा आवाज भाऊरावांसारखा धारदार नव्हता. तो मृदू, भरीव आणि लडिवाळ होता. शकुंतला ही तपोवनात वाढलेली मुलगी. हरिणांना चारा घालणारी, झाडांना पाणी घालणारी, कण्व मुनींचा निरोप घेताना पावलोपावली थबकणारी. तिला मृदू स्वर शोभून दिसला, यात नवल नाही.

परंतु केवळ गळ्यावर काम भागले नाही. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे तालीम देण्यात अत्यंत निष्णात होते. शब्द कोठे तोडावा, मान कोठे वळवावी, गाणे सुरू होण्यापूर्वी मनातील भाव चेहऱ्यावर कसा यावा, हे त्यांनी या तरुण नटाकडून घोटून घेतले. निवड योग्य होती, हे खरे; परंतु निवडीला तालमीची जोड मिळाली म्हणूनच ती फळास आली. पुढे बालगंधर्वांच्या नायिका इतक्या लोकप्रिय झाल्या, की त्यांच्यासारखे लुगडे नेसणे आणि त्यांच्यासारखे दागिने घालणे ही घरोघरच्या स्त्रियांची हौस होऊन बसली. पुरुषाने रंगमंचावर स्त्री कशी दिसावी हे दाखवावे आणि स्त्रियांनी त्याचे अनुकरण करावे, असा तो विलक्षण काळ होता!

आता योगायोग पाहा. ज्या १९०५ साली मिरजेस बालगंधर्व शकुंतला झाले, त्याच वर्षी, त्याच मिरज गावी, एका मुलीचा जन्म झाला. किराणा घराण्याचे ख्यातनाम गायक अब्दुल करीम खाँ हे तिचे वडील आणि ताराबाई माने ही तिची आई. हीच मुलगी पुढे हिराबाई बडोदेकर या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या घरात पहाटेपासून तंबोऱ्याचा झंकार असे. वडीलबंधू सुरेशबाबू माने आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून तिला गाण्याची कसून तालीम मिळाली.

गळा होता, विद्या होती. परंतु हिराबाई लहान होत्या, तेव्हा एखाद्या मोठ्या संगीत नाटक मंडळीला नायिका हवी असती, तरी त्यांच्यासारख्या मुलीकडे कोणी पाहिले नसते. उमेदवार निवडण्यापूर्वीच अर्धा समाज वगळलेला असे. केवळ स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांतून स्त्रिया पुरुषांचीही कामे करीत. परंतु त्यांना प्रतिष्ठा मिळत नसे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा राणी तारामतीचे काम करावयास त्यांना स्त्री मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषास ते काम द्यावे लागले. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी धैर्याने काम केले. बंद दाराची एक फळी किंचित हलली.

हिराबाईंनी पहिले धैर्य दाखविले ते गायनाच्या क्षेत्रात. स्त्रीने जाहीर मैफलीत, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर, पुरुष गवयांप्रमाणे मानाने बसून गाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. अशा मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. गाताना हावभाव नाहीत, भपका नाही. केवळ शांत, सुरेल आणि भारदस्त गाणे. श्रोत्यांच्या मनात त्यांच्याविषयी आपोआप आदर उत्पन्न झाला.

पुढे १९२९ साली या भावंडांनी 'नूतन संगीत नाटक मंडळी' काढली. त्यांनी 'सौभद्र'सारखी जुनी, गाजलेली नाटके नव्याने उभी करण्याचे ठरविले. नाटक तेच, पदे तीच. बदल एकच आणि तो फार मोठा. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करावयाच्या. सुभद्रेची भूमिका हिराबाईंकडे आली.

येथे किती कठीण परीक्षा होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सुभद्रेच्या पदांवर भाऊरावांची मोहर होती आणि त्यावर बालगंधर्वांच्या स्वरांचा साज चढला होता. बालगंधर्व तेव्हा प्रत्यक्ष रंगभूमीवर गात होते. रसिकांच्या कानांत त्यांच्या लकबी पक्क्या बसल्या होत्या. अशा वेळी नव्या सुभद्रेने बालगंधर्वांची नक्कल केली असती, तर 'मूळ ते मूळच' असे लोक म्हणाले असते. नक्कल न करावी, तर 'ही कसली सुभद्रा?' असेही म्हणणारे होतेच. शिवाय स्त्री-पुरुषांनी एकत्र नाटक करणे अनेकांस रुचत नव्हते, ते निराळेच.

हिराबाईंनी स्वतःची वाट धरली. आपल्या घराण्याची स्वच्छ, संथ आणि सुरेल गायकी त्यांनी सुभद्रेच्या मुखी ठेवली. पुरुषाने मोठ्या कौशल्याने उभी केलेली सुभद्रा लोकांनी पाहिली होती. आता स्त्रीचा स्वाभाविक स्वर घेऊन आलेली सुभद्रा ते ऐकू लागले.

या बदलामुळे साथीदारांपुढेही नवे काम येऊन पडले. स्त्रीचा आणि पुरुषाचा आवाज सामान्यतः एकाच पट्टीत रमत नाही. पुरुषाला जो स्वर सोयीचा, तो स्त्रीला फार खालचा पडतो. आणि स्त्रीला जो सोयीचा, तो पुरुषाला फार चढा होतो. नायकाचे पद संपून नायिकेचे पद सुरू झाले, की पेटीवाल्याने आपला आधारस्वर बदलावयाचा आणि तबलजीने त्या स्वराला जुळणारा तबला पुढे ओढावयाचा. एक भूमिका योग्य व्यक्तीच्या हाती द्यावयाची, तर तिच्याभोवतीच्या सगळ्यांना आपली बैठक थोडी बदलावी लागते. ही गोष्ट केवळ पेटी-तबल्यापुरती खरी नाही. समाजालाही आपली बैठक अशीच बदलावी लागली.

नूतन मंडळी फार वर्षे टिकली नाही. १९३१ साली भारतात बोलपट आला आणि अनेक नाटक मंडळ्यांचे दिवस पालटले. परंतु जे दार उघडले होते, ते पुन्हा बंद झाले नाही. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. पुढे खुद्द बालगंधर्वांच्या मंडळीतही गोहरबाई कर्नाटकी नायिका झाल्या आणि बालगंधर्व नायकाच्या भूमिकांत उभे राहिले. ज्यांनी पाव शतकाहून अधिक काळ महाराष्ट्राला नायिका दाखविली, त्यांनीच ती जागा स्त्रीच्या हाती दिली.

स्वातंत्र्यानंतर संगीत नाटके मागे पडू लागली, तेव्हा १९४९ साली जयराम शिलेदार आणि जयमाला शिलेदार यांनी पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था स्थापून जुनी नाटके पुन्हा पुन्हा लोकांसमोर आणली. जयमालाबाईंना बालगंधर्वांचा प्रत्यक्ष सहवास लाभला होता. त्यांच्यामागून त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी तीच परंपरा चालविली. २०१८ साली कीर्तीताई अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. ज्या रंगभूमीवर एकेकाळी स्त्रीने पाऊल ठेवणे निंद्य मानले जाई, त्या रंगभूमीच्या संमेलनाचे सर्वोच्च आसन स्त्रीने भूषविले! बालगंधर्वांना १९६४ साली आणि हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण ही पदवी मिळाली. मिरजेच्या या दोन शुभारंभांचा असा सारखाच गौरव झाला.

या साऱ्या हकीकतीतून काय दिसते? जुने नाटक पुन्हा उभे करणे म्हणजे जुना नट पुन्हा शोधणे नव्हे. भाऊरावांनंतर आलेले बालगंधर्व भाऊरावांसारखे नव्हते. बालगंधर्वांच्या काळातच उभ्या राहिलेल्या हिराबाई बालगंधर्वांसारख्या नव्हत्या. तरीही सुभद्रा ती सुभद्राच राहिली. किंबहुना प्रत्येक खेपेस तिच्या स्वभावाचा एक नवा पैलू लोकांना दिसला. विहिरीतील पाणी तेच असते, परंतु प्रत्येकाची घागर आपापल्या घाटाची असते. घागर घाटदार आहे की नाही यापेक्षा ती गळकी नाही ना, हे पाहणारा खरा पारखी.

म्हणून स्नेहसंमेलनाच्या वेळी शहाणा शिक्षक कोणाचा सल्ला झिडकारीत नाही आणि कोणाच्या सल्ल्यावर विसंबूनही राहत नाही. तो वर्गातील प्रत्येकाला एक उतारा वाचावयास सांगतो. पहिल्या बाकावर बसणाऱ्या धीट मुलीला सांगतो, तसेच शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या मुलीलाही सांगतो. कदाचित तिला आजवर कोणी विचारलेलेच नसेल. आणि मग ती उभी राहते, वही हातात घेते, प्रथम अडखळते, आणि तिसऱ्या वाक्याला सारा वर्ग एकाएकी शांत होतो. नायिका सापडलेली असते. पुढचे काम तालमीचे.

अभ्यास

१. संगीत नाटकातील नायिकेची निवड अवघड का होती? तीन कारणे लिहा.

२. 'दुसरा भाऊराव' शोधण्यात कोणता धोका होता?

३. बालगंधर्वांच्या यशात देवलांच्या तालमीचा वाटा कोणता?

४. हिराबाईंची सुभद्रा पूर्वीच्या सुभद्रांहून कोणत्या बाबतींत निराळी होती?

५. 'समाजालाही आपली बैठक अशीच बदलावी लागली' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पारखी, निष्णात, पल्लेदार, लकब, भारदस्त.

७. तुमच्या शाळेत नाटक बसवावयाचे आहे आणि निवड तुमच्याकडे आहे, अशी कल्पना करा. मुख्य भूमिकेसाठी तुम्ही कोणती परीक्षा घ्याल, ते दहा ओळींत लिहा.